हिरवं चकाकलं की 'ऑगोक्लोरा प्युरा'? अहो, जरा थांबा

चष्मेबहाद्दर

परवा 'हिरवा ठिपका' यांनी फोटो टाकला: पिवळ्या फुलात डोकं खुपसलेली हिरवीगार माशी, पाठमोरी, अर्धी धूसर. खाली ठसक्यात "ऑगोक्लोरा प्युरा, मादी. शंकाच नाही." आणि त्याखाली 'वा, सुरेख'ची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

शंकाच नाही? मला त्या फोटोत शंकेशिवाय काही दिसेना. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात नखशिखांत हिरवी घाममाशी (मधमाशीच्या गोतावळ्यातली, इंग्रजीत 'स्वेट बी') दिसली की ती ऑगोक्लोरा (प्युरा ही याच गटातली एक जात) असू शकते, ऑगोक्लोरेला असू शकते, ऑगोक्लोरॉप्सिस असू शकते, नाहीतर ॲगापोस्टेमॉनच्या काही जातींची मादी. रंगावर जायचं म्हणाल तर तो रंगद्रव्याचा नाहीच. कवचाच्या बारीक थरांवरून उजेड परततो तेव्हा तसा दिसतो. ऊन जरा कललं की तीच माशी तांबूस. शिवाय एकाच जातीत काही जन्मजात निळसरही असतात.

बघायचं असतं ते पुढच्या पंखाच्या कडेचा लांबट कप्पा. प्युरात तो टोकाशी छाटल्यासारखा, ऑगोक्लोरेलात निमुळता. किंवा चेहरा: ऑगोक्लोरात डोळ्यालगतचा भाग ओठावरच्या ढालीत टोकदार घुसतो. इथे पंख मिटलेले आणि तोंड फुलात. पेपर कोरा, गुण पैकीच्या पैकी!

हिरवा ठिपका

माझ्या फोटोसाठी स्वतंत्र धागा काढलात, आभारी आहे. पण एक विचारायचं राहिलं तुमचं. ती मी कुजक्या ओंडक्यापाशी पाहिली. प्युरा कुजक्या लाकडात घर करते, ऑगोक्लोरेला मातीत. वागणूकही ओळखच असते ना, की सगळं भिंगाखालीच दिसलं पाहिजे?

चष्मेबहाद्दर

हे आधी लिहायला काय झालं होतं? मुद्दा चांगला आहे, मान्य. आता सांगा, ओंडक्यातून निघताना पाहिलीत की ओंडक्यावर बसलेली?

हिरवा ठिपका

बसलेली. म्हणजे ओंडक्याच्या जवळच्या फुलावर.

चष्मेबहाद्दर

वा. मग मी ग्रंथालयाजवळ राहतो, मला विद्वान म्हणा.

शब्दवेल्हाळ

अवांतर: 'घाममाशी' हा शब्द कोणी काढला? घाम चाटते म्हणून घाममाशी, तर मग घरातल्या माश्यांना काय म्हणायचं? आणि या सगळ्यांना 'मधमाशी' म्हणणाऱ्यांचं तर काय सांगावं! हिच्या घरात मधाचं पोळं कुठलं? स्वतःच्या अळीपुरता परागाचा लाडू बांधते, वर अंडं घालते, संपलं. इंग्रजीला 'बी' म्हणून सगळ्यांना मावणारा एक शब्द आहे. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी अशी सख्ख्या बहिणींना वेगवेगळी नावं, आणि बाकी सगळ्या गोतावळ्याला एकच 'माशी'.

रानभुली

शब्दवेल्हाळ, सहमत! 'परागमाशी' कसं वाटतं?

शब्दवेल्हाळ

परागावर येणाऱ्या खऱ्या माश्याही असतातच की, दोन पंखांच्या. हिला चार पंख. 'माशी'च नको. मी 'भृंगी' सुचवते.

खोडसाळ

भृंगी म्हटलं की लोक भुंगा समजतील, भुंगा म्हटलं की लाकूड पोखरणारी काळी दांडगी डोळ्यांसमोर येते, आणि पुढचं सगळं आयुष्य 'तो भुंगा नव्हे हो' सांगण्यात जाईल. घाममाशी छान आहे. एकदा मनगटावर बसून घाम चाटत होती, मी हात हलवला आणि चावली. म्हणजे नांगी मारली, असं शब्दवेल्हाळ सुधारतीलच. दंशांच्या वेदनेची 1 ते 4 अशी मोजपट्टी बनवणाऱ्या जस्टिन श्मिट यांनी घाममाशीला 1 दिलाय. बरोबर दिलाय. दोन मिनिटांत विसरलो.

शब्दवेल्हाळ

सुधारते: नांगी मारली. आणि ती मादी होती, नराला नांगी नसते. 'चावली' म्हणणाऱ्यांमुळेच ही वेळ आलीय.

दुर्बीण

नावांचं भांडण चालू द्या, मी पुन्हा माशीकडे येतो. चष्मेबहाद्दर, तुमचं धोरण जरा जास्तच सोवळं होतंय. फोटोवरून काहीच कळत नाही असं नाही. ॲगापोस्टेमॉन व्हायरेसेन्सची मादी घ्या: डोकं-धड हिरवं, पोट काळं, त्यावर फिकट केसांचे पट्टे. टोरोंटो शहराची अधिकृत मधमाशी तीच. (शब्दवेल्हाळ, माफी. अधिकृत भृंगी.) तिला ओळखायला भिंग लागत नाही. नराचं पोट काळं-पिवळं, त्यामुळे नवखे त्याला गांधीलमाशी समजतात, ते वेगळं. पण हिरव्या धडावर काळं-पांढरं पोट दिसलं की मी बिनधास्त जात लिहितो.

चष्मेबहाद्दर

व्हायरेसेन्सची मादी सोडून दिली, घ्या. ती अपवाद आहे आणि तुम्ही लोक अपवाद धरून नियम मोडता. आता डायलिक्टसकडे या, लॅसियोग्लॉसम नावाच्या घाममाश्यांतल्या उपगटाकडे. फिकट हिरवट, पाच-सहा मिलिमीटरच्या, सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या. कीटकतज्ज्ञ जेसन गिब्स यांनी 2010 मध्ये नुसत्या कॅनडातल्या तपासल्या तर 84 जाती निघाल्या, त्यातल्या 19 नव्या. पुढच्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कसारख्या गजबजलेल्या शहरातल्या एका माशीला लॅसियोग्लॉसम गॉथम नाव दिलं. इतकी वर्षं ती लोकांच्या पायाखालच्या मातीत होती. म्हणजे तज्ज्ञांनाही वेगळ्या न ओळखता आलेल्या माश्या तुम्ही मोबाइलच्या फोटोवरून ओळखणार!

मुंगीपाऊल

आणि भिंगाखाली न्यायची तर आधी मारायची, हे कोणी बोलतच नाही. कळावं म्हणून मारायचं? माझ्या मुलीनं एकदा विचारलं, "तिचं नाव कळलं, पण ती गेली ना?" तेव्हापासून मी जाळी उचललेली नाही.

चष्मेबहाद्दर

भावना कळते, पण मग जात सांगू नका. 'हिरवी घाममाशी' एवढंच लिहा. न मारता जात सांगायची ही हौस तुमचीच ना?

मुंगीपाऊल

ही भाषा बरी नाही. आणि डीएनए बारकोडिंग आहे की, डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखायची! पायाचा एक तुकडा पुरतो, अख्खी माशी लागत नाही.

दुर्बीण

बारकोडनं डायलिक्टसमध्ये खूप सुटलं हे खरं. पण काही जवळच्या जातींत तोही इतका सारखा येतो की शेवटी भिंगच काढावं लागतं. माझं मत मधलं आहे. खिडकीच्या चौकटीत, दिव्याखाली मरून पडलेल्या माश्या मी डबीत जमवतो. काल रात्रीच एक बघितली. पंख पाण्याच्या थेंबात पसरून काचपट्टीवर ठेवला, उजेड खालून दिला, तेव्हा कप्प्याचं टोक छाटलेलं स्पष्ट दिसलं. पायाच्या केसांत अजून परागाचे दाणे अडकलेले होते. सहा वर्षं मी तसल्या माश्यांचे फोटो 'ऑगोक्लोरेला' म्हणून साठवत होतो. दोनशेच्या वर फोटो. त्यातल्या किती खऱ्या, देव जाणे.

हिरवा ठिपका

म्हणजे चूक तुमचीही होते. आणि वर मला भाषण!

दुर्बीण

भाषण चष्मेबहाद्दरांनी दिलं. मी फक्त माझी लाज सांगितली.

खोडसाळ

मी तर एकदा निळ्या-हिरव्या 'घाममाशी'चे बारा फोटो टाकले. कोणीतरी म्हणालं, बाबा रे, ही सोनेरी कोकिळा-गांधीलमाशी आहे, अंगावर खाचा बघ, पायावर परागाचे केस कुठे आहेत? डिवचली तर गोळा होते. मी धागाच उडवला.

शब्दवेल्हाळ

'कोकिळा-गांधीलमाशी'! बघा, माशी परत आलीच. दुसऱ्यांच्या घरात अंडी घालते म्हणून कोकिळा, इथवर ठीक. पण...

रानभुली

शब्दवेल्हाळ, वेगळा धागा काढा ना. मी येते तिथे.

हिरवा ठिपका

काल सकाळी परत गेलो होतो. या वेळी ओंडक्याच्या भेगेतून निघताना पाहिली, भुसा अंगाला लागलेला होता. चेहऱ्याचा फोटो आलाय, पण ओठावरची ढाल अर्धी सावलीत आहे. जुन्या फोटोचं नाव बदललं: 'ऑगोक्लोरिनी, पुढचं चष्मेबहाद्दरांना विचारा' (ऑगोक्लोरिनी म्हणजे ऑगोक्लोरा, ऑगोक्लोरेला वगैरेंचं अख्खं कुळ). नव्याला 'प्युरा' लिहू का?

चष्मेबहाद्दर

भेगेतून निघाली असेल तर लिहा. भुशाचाही फोटो टाका. आणि पुढच्या वेळी पंख पसरेपर्यंत थांबा, माझ्यासाठी.

शब्दवेल्हाळ

नवा धागा काढला आहे: "घाममाशी नको, मग काय?" खोडसाळ, तुम्ही येऊ नका.