नातीला चित्रांचं वेड लागलंय, आम्ही आजी-आजोबांनी नेमकं काय करावं?

आबा_कराड

नमस्कार मंडळी, इथे वाचत असतो पण लिहितोय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी नात साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत ती आमच्याकडेच असते. दिवाळीपासून तिला चित्रं काढायचा नाद लागलाय, आणि नाद म्हणजे किती तर पाठकोरे कागद संपले, लग्नपत्रिकांची पाकिटं संपली, लाइट बिलाच्या मागे सुद्धा मांजरं काढून झाली. आम्हाला फार बरं वाटायचं बघून. मी आयुष्यभर एसटी डेपोत हिशेब लिहिले, हिची आजी सणावारी रांगोळी काढते तेवढंच, चित्रकलेतलं आम्हा दोघांनाही काही कळत नाही.

सूनबाईंनी हौसेने तिला जवळच्याच एका क्लासला घातलं. तिथे सगळ्या मुलांचं चित्र एकच. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड. मुलांच्या रेषा वाकड्या आल्या की सर स्वतःच नीट करून देतात. घरी येणारं चित्र सुबक दिसतं, पण पोरगी आता हातात खोडरबर घेऊनच बसते. परवा तिने हत्ती काढला आणि मी बोलून गेलो, अगं सोंड लहान झाली बघ. तिने कागद चुरगाळला आणि म्हणाली, आबा तुम्हीच काढून द्या, मला नाही येत. आधी ती असं कधी म्हणत नव्हती हो. त्या दिवसापासून मला चैन नाहीये, कारण ते वाक्य माझ्यामुळे आलं.

तर विचारायचं असं की क्लास चालू ठेवावा का, अठ्ठेचाळीस रंगांची मोठी पेटी आणली तर हुरूप येईल का, आणि ती काढून द्या म्हणते तेव्हा काढून द्यावं की नाही?

रेषा_सातारा

आबा, मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालो. तुम्ही अपराधी वाटून घेऊ नका, सोंडेबद्दल बोलायचा मोह आम्हा शिक्षकांनाही आवरत नाही.

एक गोष्ट समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप सुचेल. या वयात मूल डोळ्याला दिसतं ते काढत नाही, त्याला जे माहीत आहे ते काढतं. म्हणून टेबलाचे चारही पाय दिसतात, घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, आभाळ म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला एक निळी पट्टी आणि जमीन म्हणजे खालची. आई घरापेक्षा उंच असते कारण ती महत्त्वाची असते. ही चूक नव्हे, साधारण सगळीच मुलं या टप्प्यातून जातात. खरी अडचण नऊ-दहा वर्षांच्या सुमारास येते, तेव्हा मुलं स्वतःच आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून बघायला लागतात आणि कितीतरी जण तिथेच चित्रं काढणं सोडून देतात. तुमच्या नातीला ही भीती साडेसहालाच घातली गेलीये, तेवढी काढायची.

काढून अजिबात देऊ नका. पण नुसतं नाही म्हणूनही गप्प बसू नका. शेजारी बसून तुमच्या कागदावर तुमचा हत्ती काढा, जसा येईल तसा. आणि सोंडेवर अडली तर तिला म्हणा, चल आपण हत्ती होऊ, हात नाकाला लावून सोंड हलवा, जमिनीवरचं केळं उचला, सोंड कुठून निघते कुठे वळते हे तिच्या अंगाला कळू दे, मग कागदाकडे वळा.

चित्र दाखवायला आली की "हे काय आहे?" विचारू नका, त्यात तिला 'चित्र ओळखूच येत नाही' असं ऐकू येतं. "मला सांग ना, यात काय काय चाललंय" म्हणा.

अठ्ठेचाळीसची पेटी नको. बारा तैलखडू (ऑइल पेस्टल) पुष्कळ झाले, मेणखडूला दाबून दाबून लहान हात दुखतात, तैलखडू मऊ असतात. पोस्टर कलरच्या लाल, पिवळी, निळी, पांढरी अशा चार बाटल्या, दहा-बारा नंबरचा गोल ब्रश आणि कागद मोठा. हिरवा रंग तिला स्वतःला सापडू दे, तो दिवस ती विसरणार नाही. पेन्सिल द्यायची तर मऊ, गडद उठणारी 4बी द्या आणि खोडरबर काही दिवस कपाटात ठेवा.

आणि कोणी आत्तापासून एलिमेंटरीची तयारी करा म्हणालं तर ऐकू नका. ती कला संचालनालयाची परीक्षा, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र वगैरे, शाळेतून सातवी-आठवीला देतात. तिच्या पुढची इंटरमिजिएट झाली की दहावीला वाढीव गुणही मिळतात, चांगलीच आहे ती. पण आत्ता तिचा काय संबंध?

अनघा_ठाणे

सरांचं सगळं पटलं पण मला सूनबाईंच्या बाजूने बोलायचंय. काका, क्लासबद्दल काहीही ठरवायच्या आधी त्यांच्याशी बोला, आणि नातीच्या समोर तर एक शब्दही नको. आमच्याकडे साबुंनी (सासरेबुवांनी) माझ्या मुलासमोरच सांगितलं की तो क्लास काही कामाचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मुलगा जाईना, मी फी भरलेली, आणि दोन महिने घरात धुसफुस. साबु चूक नव्हते, आता वाटतं बरोबरच होते, पण मला आधी सांगितलं असतं तर मीच काढलं असतं त्याला. नोकरी करणाऱ्या आईला संध्याकाळचं ते चित्र बघायला मिळत नाही, तिला फ्रिजवर लावलेला सुबक डोंगरच दिसतो. तिला तो चुरगाळलेला हत्ती दाखवा.

अजून एक, कौतुकाचं. साबा (सासूबाई) टीव्हीवरून नजर न काढता "वा वा किती छान" म्हणायच्या, फार प्रेमाने म्हणायच्या, पण मुलगा एक दिवस मला म्हणाला, आजी बघतच नाही. तेव्हापासून आम्ही घरात सगळ्यांनी ठरवलं की छान-बिन म्हणायचं नाही, जे दिसतंय ते बोलायचं. हा निळा किती दाबून भरलायस रे, या माणसाला सहा बोटं का दिलीस. मग तो अर्धा अर्धा तास सांगत बसतो. ते सांगणं मी चित्राच्या मागे तारीख घालून लिहून ठेवते.

कोयरी

आबा, तुमच्या प्रश्नात एक वाक्य मला खटकलं, म्हणून लॉगिन केलं. "हिची आजी सणावारी रांगोळी काढते तेवढंच." तेवढंच कसं हो?

मी मिरजेला आजीकडे वाढले. चैत्रात गौर बसली की आजी अंगणात तुळशीपुढे गेरूने सारवून चैत्रांगण काढायची. मधे झोपाळ्यातली गौर, वर सूर्य-चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, नाग, कासव, आंब्याचं झाड. सगळं चिमटीतून, मापपट्टी नाही की खोडणं नाही. चिमटीतून पडलेली रेघ खोडता येतच नाही, चुकली तर तिचंच दुसरं काहीतरी करायचं, हे मी तिथे बघून शिकले. आजीने मला कधी बसवून शिकवलं नाही. सारवलेल्या चौकोनाचा एक कोपरा मला द्यायची आणि म्हणायची, हा तुझा, इकडे मी येणार नाही. मी पाच वर्षांची असताना त्या कोपऱ्यात सहा पायांचं कासव काढलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाकून बघत होत्या, एक जण म्हणाली अहो हे जरा पुसून नीट करा. आजी म्हणाली, त्याला लवकर पोचायचंय कुठेतरी, असू दे. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने विस्कटेपर्यंत ते तसंच होतं.

आज मी साड्यांच्या काठांची डिझाइनं करते. कॉम्प्युटरवर करते, पण पहिला आराखडा अजून हातानेच.

तर चैत्र फार लांब नाहीये. आजीला सांगा, अंगण नसेल तर गॅलरीतली एक फरशी गेरूने रंगवा, आणि एक कोपरा नातीचा.

माई_एडिसन

माझा नातू इथे न्यू जर्सीत पण दुसऱ्या गावाला, त्यामुळे आमचं सगळं व्हिडिओ कॉलवर. दर रविवारी दोघं एकाच वेळी वारली काढतो. ब्राउन पेपरच्या पिशव्या फाडून गेरूच्या भिंतीसारखा कागद, पांढरा रंग, आणि गोल, त्रिकोण, रेघ एवढंच लागतं म्हणून मला सत्तरीत जमतं. त्याला सांगितलं की खरी वारली चित्रं तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात आणि लग्नातला चौक सवासिणी काढतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे फोटो दाखवले, 2011 ला पद्मश्री मिळालेले. त्यांच्या चित्रात माणसं किती चालत असतात ना सारखी! त्याने लगेच आमच्या एडिसनच्या रस्त्यावरची माणसं काढली, स्नो शोव्हेल करणारी. मी तो कागद फ्रेम केलाय.

रेषा_सातारा

कोयरीताईंचं कासव वाचून गहिवरलो. आबा, कराडहून औंध जवळ आहे, एखाद्या रविवारी नातीला घेऊन जा. यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 ला उभं केलं, ते स्वतःही चित्रं काढायचे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल आहे. सगळं दाखवायला जाऊ नका, तिला दोनच गोष्टी निवडायला सांगा आणि तिथेच खाली बसा.

आबा_कराड

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

सूनबाईंशी बोललो, हत्तीचा कागद सपाट करून दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, मलाही जाणवत होतं पण फी भरलीये म्हणून गप्प होते. महिना संपला की क्लास बंद करायचं त्यांनीच ठरवलं.

सोंडेचा खेळ केला. मी हत्ती झालो, नात पण झाली, केळं उचललं. मग ती काढायला बसली आणि सोंड कागदाबाहेर गेली. मला वाटलं आता परत चुरगाळते की काय, पण म्हणाली आबा अजून कागद जोडा. आता सोंड पाच कागद लांब झालीये, हॉलच्या भिंतीवरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, आणि ती कुठे जातेय हे अजून ठरलेलं नाही म्हणते. माझा हत्ती तिने शेजारी चिकटवलाय. तिच्या आजीने गेरू आणून ठेवलाय, कोपरा कुठला यावर दोघींची बोलणी चालू आहेत.

सर, एक अडचण. तैलखडूचा रंग हाताला आणि दुसऱ्या कागदाला लागतोय, जुनी चित्रं एकावर एक ठेवली की पुसट होतात. काय करू?

रेषा_सातारा

मधे बटर पेपर घाला आणि आडवीच ठेवा, गुंडाळी करू नका. भिंतीवरच्या सोंडेवर दुपारचं ऊन येत असेल तर तेवढा पडदा ओढत जा. आणि सहावा कागद जोडला की इथे कळवा.