मदत हवी आहे : दामोदर सप्ताहाआधी इमारतीचे हायड्रंट (आगीसाठीचे पाण्याचे नळ) चालू करायचे आहेत

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी गोव्यात वास्कोत, सात मजली, समुद्र हाकेच्या अंतरावर. एप्रिलपासून सचिवपद माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी आम्ही तिघांनी पहिल्यांदाच फायरची लाइन उघडून पाहिली आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

तळमजल्यावरच्या व्हॉल्व्हचं चाक हललंच नाही. रंगाऱ्यानं पाइपाबरोबर चाकाचा दांडाही लाल ऑइलपेंटनं माखला होता, त्यात खाऱ्या हवेचा गंज. दुसऱ्या मजल्यावरचं चाक फिरलं, पण चहाच्या रंगाचं अर्धी बादली पाणी आलं आणि धार तुटली. तिसऱ्या मजल्याच्या पेटीत धार सोडायचं पितळी तोंड, म्हणजे नोझलच नाही. होज (आगीवर पाणी मारायचा लवचिक पाइप) तर बसवला तेव्हाच्याच घडीत पडून होता. उलगडला तर घडीच्या रेषेवर आतलं रबर तडकून हाताला भुकटी लागली.

खरी गोष्ट पंपखोलीत कळली. मुख्य पंप मॅन्युअलवर, म्हणजे आपोआप सुरू न होणारा, आणि जॉकी नावाचा छोटा पंप चक्क बंद. वॉचमन म्हणाला, "रात्री दर दहा मिनिटांनी सुरू व्हायचा, तळमजल्यावरच्या आजींना झोप येईना, म्हणून बंद करायला सांगितलं." लाइनचा दाब जरा उतरला की तो भरून काढायचा, हे जॉकीचं काम. तो सारखा सुरू होत होता म्हणजे दाब कुठूनतरी निसटत होता. आवाज थांबवला, गळती तशीच राहिली. देखभालीच्या रजिस्टरात मात्र दर तिमाहीला "ओके" लिहून सही आहे. याचा मला फार राग येतो, कारण वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं राहतात.

देखभालवाले मुख्य पंप हाताने चालवतात, पंपाजवळचा दाबाचा काटा ५ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) गेला की झालं. पण सर्वांत वरच्या हायड्रंटवर ३.५ किलो दाब हवा, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. १० मीटर उंचीला साधारण १ किलो जातो. आमचा सातवा मजला २० मीटरच्या आसपास. म्हणजे खाली निदान साडेपाच हवा, पाइपातलं घर्षण वेगळंच. वर गेज लावून, पाणी वाहतं ठेवून कुणी कधी मोजलेलंच नाही.

घाई अशासाठी की नागपंचमीनंतर दामोदर सप्ताह, वास्कोतला मोठा उत्सव. फेरीच्या (जत्रेच्या बाजाराच्या) दिवसांत आमच्या रस्त्याला दुतर्फा दुकानं लागतात, पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा बंब दारापर्यंत यायला उशीर होणारच. तोवर आमची लाइनच आम्हाला तारणार.

तर विचारायचं असं: गळती पंपाजवळच्या, पाणी मागे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून आहे की जमिनीखालच्या पाइपातून, हे लाइन न खोदता कसं कळेल? आणि गच्चीवर होज लावून चाचणी घ्यायची तर किती माणसं लागतील? आमच्यातल्या कुणीच ६३ मिलिमीटरचा भरलेला होज हातात धरलेला नाही.

संपादन, तीन दिवसांनी :
सुचवलंत तसं केलं, मनापासून आभार. लाइन ५ किलोपर्यंत भरली आणि पंपांच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करून व्हॉल्व्हपलीकडच्या गेजसमोर बसलो. अर्ध्या तासात काटा ५ वरून ३ वर. म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर सगळं ढकलता येत नाही, लाइनच गळते आहे. डक्टमधला उभा पाइप मजल्यामजल्यावर हात फिरवून पाहिला, सगळीकडे कोरडा. उरला तो पार्किंगखालून जाणारा आडवा पाइप.

होजची चाचणी नवे होज आल्यावरच. दोघांनी नोझल धरायचं, तिसऱ्यानं व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा, हे लिहून पेटीत चिकटवलं आहे. तडकलेले होज बाद केले, कपलिंगचे वॉशरही नवे मागवले.

आता एकच अडलंय. पाऊस लागलाय, पार्किंगची सगळी जमीनच ओली. गळतीची जागा ओळखायची कशी? की जुना पाइप तिथेच सोडून कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीवरून नवा न्यावा? असं कुणी केलं असेल तर पाइपाला गाड्यांचा धक्का लागू नये म्हणून काय केलंत आणि अग्निशमन खात्याची परवानगी आधी घेतलीत की काम झाल्यावर पाहणीला बोलावलंत, तेवढं कळवा. सोसायटीची सभा येत्या रविवारी आहे.