शिळावर्तुळ, केर्न, सिस्ट, डोल्मेन: कोणता शब्द नेमका कुठे?

माळरान
नागपूरजवळचं जुनापाणी (प्राचीन दफनांवरच्या दगडी वर्तुळांची जागा) आणि आसपासच्या ठिकाणांसाठी मराठी माहितीपत्रकाचा मसुदा तपासायला आला आहे. त्यात ‘महापाषाणयुगीन थडगी’, ‘दगडी वर्तुळे’, ‘समाध्या’ आणि ‘डोल्मेन’ हे सगळे शब्द एकाच गोष्टीसाठी आलटूनपालटून वापरलेत. काय ठेवावं, काय काढावं? शिवाय ‘बृहदाश्म’ की ‘बृहदश्म’?

खापर
शेवटचं आधी. बृहत् + अश्म = बृहदश्म. ‘महाश्म’मधला आ ‘महा’चा आहे, तो ऐकून ऐकून लोक इकडेही ‘दा’ करतात. बृहदश्म, महाश्म, महापाषाण (तिन्हींचा अर्थ एकच, मोठ्या दगडांची प्राचीन रचना) यांपैकी कोणताही घ्या, पण पत्रकभर तोच ठेवा.

खरी अडचण ‘युग’ या शब्दाची. पुराश्मयुग, मध्याश्मयुग, नवाश्मयुग या रांगेतलं हे पुढचं युग असावं असं वाचकाला वाटतं आणि तो लोखंडाच्या आधीच्या काळात जाऊन पोचतो. विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली आहेत, ढोबळमानाने इ. स. पू. पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीला घोड्याच्या साजाचे तांब्याचे अलंकार निघाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. उलट आयर्लंडमधलं न्यूग्रेंज इ. स. पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे नवाश्मयुगातलं. दोन्ही महापाषाणच, काळाचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून ‘युग’ काढून ‘महापाषाण परंपरा’ किंवा ‘महापाषाणीय’ लिहावं.

‘समाधी’ आणि ‘थडगं’ दोन्ही काढा. समाधी म्हटलं की सत्पुरुष आला, थडगं म्हटलं की बांधीव चौथरा आणि खाली एक माणूस. इथे एका वर्तुळात एकाहून जास्त व्यक्तींच्या अस्थी सापडू शकतात, कुठे हाडांचे चार तुकडे, कुठे तेही नाहीत. ‘दफनस्मारक’ सुरक्षित.

आडवाट
सहमत. त्यात एक भर. ‘दुय्यम दफन’ हा पुरातत्त्वातला शब्द पत्रकात जसाच्या तसा ठेवू नका, लोक त्याचा अर्थ ‘कमी महत्त्वाचं’ असा घेतात. देह आधी दुसरीकडे ठेवून किंवा पुरून, नंतर हाडं गोळा करून केलेलं दफन, असं सरळ लिहा. अर्धी ओळ वाढेल, वाढू दे.

माळरान
आणि प्रकारांची नावं? डोल्मेन, सिस्ट, केर्न यांना मराठी प्रतिशब्द सुचवा.

खापर
प्रतिशब्दाआधी फरक पाहा. मसुद्यात जुनापाणीला डोल्मेन म्हटलंय, ते साफ चूक. तिथे सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. डोल्मेन म्हणजे उभ्या शिळांवर आडवी झाकणशिळा टेकवलेली, जमिनीच्या वर दिसणारी खोली. ती पाहायची तर चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला किंवा कर्नाटकात गंगावतीजवळ हिरेबेणकलला जावं लागेल. तशीच चार शिळांची पेटी जमिनीत पुरलेली असेल तर सिस्ट. कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला पुरातत्त्वज्ञ व्हीलरने १९४७ मध्ये उघडलेल्या सिस्टच्या एका शिळेला गोल भोक आहे, त्याला ‘गवाक्ष’ म्हणतात. केर्न म्हणजे दफनावर रचलेला गोट्यांचा ढीग. वर्तुळ आणि केर्न एकत्रही येतात, तेव्हा ‘केर्नयुक्त शिळावर्तुळ’.

जुने इंग्रजी अहवाल वाचताना ‘क्रोमलेक’ या शब्दापासून सावध राहा. वेल्शमध्ये त्याचा अर्थ वाकडी शिळा. ब्रिटिश लेखक तो डोल्मेनसाठी वापरत, फ्रेंच लेखक वर्तुळासाठी. एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या नोंदींतला क्रोमलेक ‘शिळावर्तुळ’ म्हणून भाषांतरित केला की सगळा नकाशा चुकतो. १९४९ मध्ये पुरातत्त्वज्ञ कृष्णस्वामींनी दक्षिण भारतासाठी परिभाषा बांधून दिली, त्यानंतरच्या लेखनात हा घोळ कमी आहे.

प्रतिशब्द म्हणाल तर सिस्टला ‘शिळापेटी’ छान बसतो. डोल्मेन आणि केर्न तसेच राहू द्या, पहिल्यांदा येतील तिथे एक वाक्य देऊन. ‘शिलाप्रकोष्ठ’ वगैरे घडवलेत तर पत्रक वाचायला कोणी थांबणार नाही.

आडवाट
‘शिळावर्तुळ’ हाही काटेकोर नाहीच. शिळा म्हणजे सपाट. विदर्भात बहुतेक ठिकाणी काळ्या दगडाचे ओबडधोबड धोंडे मांडलेले आहेत. पण शब्द रुळलाय, तो बदलू नये. फक्त ‘धोंडे जमिनीत रुतलेले असतात’ हे लिहा, कारण ओळखायची खूण तीच. शेतकऱ्याने वेचून बांधाला टाकलेला दगडांचा ढीग जमिनीवर सुटा बसतो, लहानमोठे दगड मिसळलेले असतात. वर्तुळातला धोंडा हलवून हलत नाही. (हलवून पाहू नका हेही लिहा.) आतला भाग बहुधा किंचित फुगीर असतो, कारण वर गोट्यांचा थर, त्याखाली काळी चिकणमाती आणि त्याच्या तळाशी दफनाच्या वस्तू. मध्ये खोलगट खड्डा दिसला तर कोणीतरी आधी उकरलंय असं समजा. तो जुना उत्खननाचा खड्डा असेल किंवा धनाच्या आशेने केलेला.

मसुद्यात ‘व्यास १२ मीटर’ लिहिलंय. आतून की बाहेरून? धोंडे मीटरभर जाड असतील तर आतला व्यास १२ आणि बाहेरचा १४ होतो. शिवाय वर्तुळ काटेकोर गोल क्वचितच असतं. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन व्यास घ्या, ‘धोंड्यांच्या आतल्या कडेपासून’ असं नमूद करा. उभे किती, पडलेले किती, रिकाम्या जागा किती, हे वेगवेगळं मोजा.

दिशा चुंबकसूचीने घेणार असाल तर सूची धोंड्याला टेकवू नका. या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, चुंबकीय खनिजं असतात, सुई सरकते. दोन-तीन मीटर लांब उभं राहून वाचन घ्या, मग समोरच्या टोकाला जाऊन उलट बाजूने परत घ्या. दोन वाचनांत १८० अंशांचा फरक आला नाही तर दोन्ही बाद.

माळरान
धोंड्यांवरच्या ‘कपमार्क’ना, म्हणजे कोरलेल्या वाटीसारख्या खुणांना, काय म्हणावं? मसुद्यात ‘खड्डे’ आहे.

खापर
‘खड्डे’ नको, नुकतंच खणलेल्या खड्ड्यांबद्दल बोललो. ‘वाटीखळगे’. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात जुनापाणीला खोदलं, त्याच्या लेखनातही या खळग्यांची नोंद आहे. बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची नैसर्गिक छिद्रंही असतात. ती कुठेही, कशीही विखुरलेली, कडा खरबरीत, कधी आत पांढरं स्फटिक. वाटीखळगा उथळ, गुळगुळीत आणि बहुधा ओळीत असतो.

आडवाट
फोटोसाठी त्यात खडू किंवा तेल भरायचं नाही, ही सूचना ठळक छापा. खडूची भुकटी दगडाच्या रंध्रांत राहते आणि पुढे घडणीच्या खुणा तपासणाऱ्याचं काम बिघडवते. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की खळगे आपोआप उठून दिसतात. भर दुपारी गेलात तर सोबतचा माणूस धोंड्यावर सावली धरेल आणि तुम्ही बाजूने विजेरी मारा, तेवढंच पुरतं. आणि जाण्याचा काळ ‘पावसाळ्यानंतर लगेच’ असा लिहिलाय, तो बदला. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं, लहान वर्तुळं त्यात दिसतच नाहीत. डिसेंबरनंतर.

माळरान
‘वाटीखळगे’ घेतला. ‘गवाक्ष’ला मात्र कंस करून ‘शिळेतलं गोल भोक’ लिहितो, नाहीतर लोक खिडकी शोधत बसतील.