अधिक्रमणाचा आलेख मिळाला, पण ताऱ्याची त्रिज्या कुठून आणायची?

जंबुकशोधक:
एचडी १८९७३३ बी या परग्रहाचं अधिक्रमण (ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश घटतो ते) एकदाचं पूर्ण टिपता आलं, आधीच्या आणि नंतरच्या सपाट भागासकट. आठ इंची दुर्बीण, लाल फिल्टर. तारा ७.७ प्रतीचा म्हणजे चांगलाच तेजस्वी, म्हणून फोकस मुद्दाम थोडा सोडला होता. खोली, म्हणजे प्रकाशातली घट, २.४ टक्के येतेय. वर्गमूळ काढलं की ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर ०.१५५. इथपर्यंत ठीक.

आता याला ताऱ्याच्या त्रिज्येनं गुणायचं. पण ती एका ठिकाणी सूर्याच्या ०.७५ पट दिलीय, दुसरीकडे ०.८० पट. पहिली धरली तर ग्रह गुरूच्या १.१३ पट होतो, दुसरी धरली तर १.२१ पट. माझ्या मोजमापातली अनिश्चितता याहून कमी आहे! मग मी नेमकं मोजलं काय? आणि खुद्द ताऱ्याबद्दल माझ्या आलेखातून काहीच कळत नाही का?

उत्तररात्र:
तुम्ही गुणोत्तर मोजलंत, आणि चोख मोजलंत. प्रकाशवक्राला, म्हणजे तुमच्या या आलेखाला, किलोमीटर कळत नाहीत. त्या प्रणालीतली सगळी अंतरं दुप्पट आणि सगळी वस्तुमानं आठपट करून पाहा: ग्रहाच्या फेरीचा कालावधी तोच राहतो, खोली तीच, प्रकाश घटतानाचा आणि वाढतानाचा उतारही तोच. वक्रात तसूभरही फरक पडणार नाही.

पण वस्तुमान आठपट आणि घनफळही आठपट म्हणजे घनता तीच राहिली. म्हणून ताऱ्याची सरासरी घनता मात्र वक्रातून थेट निघते. मला या सगळ्या विषयात याहून सुंदर काही वाटत नाही. साठेक प्रकाशवर्षं लांबचा तारा, आणि त्याची घनता हाताशी येते ती केवळ घड्याळ आणि प्रकाशमापन यांच्या जोरावर. सारा सीगर आणि गॅब्रिएला मायेन-ऑर्नेलास यांनी २००३ मध्ये हे व्यवस्थित मांडून दाखवलं.

करायचं असं. कक्षेची त्रिज्या भागिले ताऱ्याची त्रिज्या, हे गुणोत्तर वक्राला मॉडेल बसवून काढा. त्याचा घन करा, त्याला ३π ने गुणा, आणि गुरुत्व स्थिरांक गुणिले कालावधीचा वर्ग यानं भागा. कालावधी २.२१८६ दिवस. गुणोत्तर ८.८ आलं तर घनता साधारण २.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते. सूर्याची १.४१ आहे. म्हणजे तारा सूर्याहून लहान आणि घट्ट, नारंगी मुख्य क्रमावरचा (गाभ्यात हायड्रोजन जाळणारा), हे तुमच्याच आलेखानं सांगितलं. (कक्षा वर्तुळाकार धरली आहे, या ग्रहाच्या बाबतीत ते चालतं.)

मात्र घन आहे हे विसरू नका. गुणोत्तर तीन टक्के हललं की घनता नऊ टक्के हलते. आणि ते गुणोत्तर ठरतं कडेच्या उतारांवरून. हा ग्रह तबकडीच्या मधून न जाता बराच कडेकडून तिरपा जातो, त्यामुळे एकूण एक तास पन्नास मिनिटांच्या आसपासच्या अधिक्रमणात आत शिरायलाच चोवीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्या मिनिटांतले बिंदू सोन्यासारखे जपा. तळाचे बिंदू खोली देतात, पण ग्रह केंद्रापासून किती लांबून गेला ते उतारच सांगतात.

वर्णपटप्रेमी:
वरच्या उत्तरात एक भर घालतो. ताऱ्याचा अरीय वेग (आपल्या दिशेनं येण्या-जाण्याचा, वर्णपटावरून मोजलेला) हाताशी असेल तर ग्रहाबद्दलही एक गोष्ट ताऱ्याचं वस्तुमान किंवा त्रिज्या न धरता काढता येते: त्याच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व. या ताऱ्याचा वेग ग्रहामुळे दर फेरीत सेकंदाला सुमारे २०५ मीटरनं मागेपुढे होतो. हा आकडा, कालावधी आणि तुमची दोन गुणोत्तरं (०.१५५ आणि ८.८) एवढ्यावर गुरुत्व येतं प्रति सेकंद वर्ग २१.७ मीटर. पृथ्वीच्या दुपटीहून जास्त, गुरूपेक्षा थोडं कमी. ग्रहाचं वस्तुमान हवं असेल तर मात्र ताऱ्याचं वस्तुमान लागतंच, तिथे सुटका नाही.

जंबुकशोधक:
दोघांचेही मनापासून आभार. घनतेचं आजच करून बघतो. पण ०.७५ की ०.८०, हा प्रश्न उरलाच ना?

उत्तररात्र:
उरला, आणि तो खराच उघडा प्रश्न आहे. त्रिज्या मिळवायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. माउंट विल्सनवरच्या चारा व्यतिकरणमापकानं (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवणाऱ्या यंत्रणेनं) या ताऱ्याचा कोनीय व्यास थेट मोजलाय, सुमारे ०.३८५ मिलीआर्कसेकंद. त्याला अंतराची जोड दिली की त्रिज्या ०.८० च्या पुढे जाते. उलट घनतेवरून आणि ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या मॉडेलवरून आलात तर ती ०.७५ च्या जवळपास येते. तिसरी वाट गाया उपग्रहाची: पराशयावरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसते त्यावरून) अंतर, अंतरावरून दीप्ती, आणि दीप्ती व तापमान यांवरून त्रिज्या. यात अंतर जवळजवळ निर्दोष असतं, सगळी ओढाताण तापमानाची. पाच हजार केल्विनच्या ताऱ्यात शंभर केल्विन इकडेतिकडे झाले की त्रिज्या चार टक्क्यांनी बदलते.

त्यात हा तारा डागाळलेला. सुमारे बारा दिवसांच्या परिभ्रमणात त्याची दीप्ती टक्का-दीड टक्का वरखाली होते. ग्रहाच्या वाटेत न आलेले डाग असतील तर अधिक्रमण प्रत्यक्षापेक्षा खोल दिसतं. म्हणून एका रात्रीच्या २.४ वर थांबू नका, वेगळ्या महिन्यांतली अधिक्रमणं घ्या.

माझा आग्रह एवढाच की निकाल लिहिताना ०.१५५, ८.८ आणि घनता हे आधी लिहा, त्यांच्या अनिश्चिततेसह. ते तुमचं मोजमाप आहे. गुरूच्या इतके पट हा आकडा त्याखाली, कोणती त्रिज्या धरली ते सांगून. उद्या ताऱ्याची त्रिज्या सुधारली तरी तुमचे वरचे आकडे कोणालाही जसेच्या तसे वापरता येतील.

जंबुकशोधक:
ठीक. कडेचा काळसरपणा (ताऱ्याची तबकडी कडेला मंद दिसते तो) मॉडेलमध्ये मोकळा सोडू की तक्त्यातून घेऊ?

उत्तररात्र:
एकाच वक्रावर मोकळा सोडू नका, उतारांची माहिती तोच खाऊन टाकेल. क्लॅरे या खगोलशास्त्रज्ञाच्या तक्त्यातून लाल फिल्टरचे गुणांक घ्या आणि त्यांना थोडीच ढील द्या. तसंच अकरा-साडेअकरा आर्कसेकंदांवर ताऱ्याचा एक मंद जोडीदार आहे, लाल बटू तारा. फोकस सोडलेल्या प्रतिमेत तो तुमच्या प्रकाशमापनाच्या वर्तुळात येत असणार. लाल फिल्टरमध्ये त्याचा प्रकाश नगण्य आहे, पण अवरक्तात गेलात तर हिशेबात धरा.