९० दिवसांची नोटीस, पण ४५ दिवसांतच निघायचंय

कळवेकर:
ऐरोलीत बॅक ऑफिसला आहे, ३ वर्षं झाली, कायम नाइट शिफ्ट. आईचं आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस असतं. रात्रभर जागून सकाळी तिला घेऊन जाणं आता झेपत नाही. वागळे इस्टेटला दिवसपाळीची नोकरी मिळालीय, ते ४५ दिवस थांबतील. इथे मात्र नोटीस ९० दिवसांची. मॅनेजर म्हणतात, एकही दिवस सोडणार नाही, गेलीस तर अ‍ॅबस्काँडिंग (न सांगता पळाल्याचा शेरा) टाकू. एचआरच्या तोंडी हिशेबाने उरलेल्या ४५ दिवसांचे ग्रॉसवर (भत्त्यांसकट एकूण पगारावर) ७८ हजार, वर १८ टक्के जीएसटी. माझं बेसिक (मूळ पगार) २४ हजार, ग्रॉस ५२. पैसे भरेन, पण रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडवलं तर?

पेरोलवाला घणसोली:
ताई, आधी अपॉइंटमेंट लेटर काढा आणि नोटिशीचं कलम शब्दन् शब्द वाचा. 'नोटीस किंवा त्याऐवजी बेसिक' असं असेल तर दीड महिन्याचे ३६ हजार होतात, ७८ नाही. 'ग्रॉस' लिहिलं असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. जीएसटी मात्र अजिबात देऊ नका. नोटीस पे कापला तर त्यावर जीएसटी लागत नाही, हे सीबीआयसीने (अप्रत्यक्ष करांच्या केंद्रीय मंडळाने) ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात (क्र. १७८/१०/२०२२) स्पष्ट केलंय. मेलमध्ये हा नंबरच टाका.

आणि लेखी राजीनामा देऊन, चार्ज देऊन जाणारा माणूस अ‍ॅबस्काँडिंग कसा? फोनवर काही ठरवू नका. राजीनाम्याच्या मेलमध्ये शेवटची तारीख लिहा, बीसीसी स्वतःला. लॅपटॉप आणि आयकार्ड स्वतः नेऊन द्या आणि सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसली की एफ अँड एफ (शेवटचा हिशेब) हमखास लटकतं, रोज बघतो मी.

वाशीचा वकील:
कोणालाही कोर्टामार्फत जबरदस्तीने नोकरीत ठेवता येत नाही. पण कंपनी भरपाई मागू शकते, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच. 'कोणी काही करत नाही, सरळ निघ' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

कोपरखैरणेची स्मिता:
अगं, मॅनेजरच्या वरच्यांना भेट, आईचे हॉस्पिटलचे कागद घेऊन. पुष्कळदा अडवणारा एकटा मॅनेजरच असतो. रिलीव्हिंग लेटरला उशीर झाला तर राजीनामा स्वीकारल्याचा मेल आणि सॅलरी स्लिप चालतील का, ते नव्या कंपनीकडून आत्ताच लेखी घे. पीएफची एग्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) त्यांनी नाही टाकली तरी शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी यूएएन (पीएफचा कायम नंबर) पोर्टलवर तुला स्वतःला टाकता येते. आईला जप.

कळवेकर:
लेटर सापडलं, 'बेसिक'च आहे! उद्या वरच्या मॅडमना भेटते. शिल्लक रजा नोटिशीत धरतात का?

पेरोलवाला घणसोली:
पॉलिसीत तसं असेल तरच. त्याच मेलमध्ये विचारून घ्या.