मच्छीमार संस्थेच्या संगणकात शिरणारा कोण असावा आणि कशासाठी?

दर्याकाठी (ता. दापोली)

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर आहे. १ जूनला मासेमारी बंदी लागली आणि नौका वर घेऊन शाकारून झाल्या की आमच्या कार्यालयात फारसे कोणी फिरकत नाही. अशाच एका सकाळी लिपिकाने संगणक सुरू केला, तर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, सभासदांची नोंदवही, डिझेल कोट्याचे व डिझेलवरील करपरताव्याचे तक्ते, एवढेच काय, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीचे फोटोसुद्धा उघडेनात. प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक ई-मेल पत्ता आणि काही अनोळखी अक्षरे चिकटलेली होती व पडद्यावर इंग्रजी मजकूर होता की फाइली परत हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे द्या.

आता खरी अडचण सांगतो. संस्थेचा वाय-फाय राऊटर गावातल्याच एका मुलाने बसवून दिला होता. तो सध्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या कामाच्या मोबदल्यावरून त्याच्या वडिलांची आणि संस्थेची बोलाचाली झाली होती. त्यामुळे मंडळातील काही जण ठामपणे म्हणतात की हे त्याचेच काम आहे आणि पोलीस तक्रारीत त्याचे नाव घालावे. मला हे पटत नाही, परंतु न पटण्याला माझ्याजवळ आधारही नाही. टॅलीची देखभाल करणाऱ्या बाहेरगावच्या विक्रेत्याने टाळेबंदीच्या काळात लांबून काम करता यावे म्हणून रिमोट डेस्कटॉप सुरू करून ठेवले होते आणि ते पुढे कधी बंद केले नाही, एवढे मात्र आता कळले आहे.

माझा प्रश्न असा, की दुसऱ्यांच्या संगणकजाळ्यांत शिरणारी माणसे हे मुळात कशासाठी करतात, त्यांच्यात फरक कसे ओळखावेत आणि आमच्यासारख्या लहानशा संस्थेत शिरून कोणाला काय मिळणार?

निवृत्त_ईडीपी (रत्नागिरी)

मी एका सहकारी बँकेच्या ईडीपी (संगणक) विभागात नोकरी केली आणि आता काही पतसंस्थांना या विषयात सल्ला देतो. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपल्या संस्थेत काय आहे हे पाहून बहुधा कोणी आलेलेच नाही. इंटरनेटवरील पत्त्यांमागून पत्ते तपासत जाणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात, आणि कुठे रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडे सापडले की तेथे नेहमीची नावे व पासवर्ड लावून पाहिले जातात. ट्रॉलरचे जाळे ओढताना आत काय येते आहे हे तांडेलाला कळत नाही आणि निवड डेकवर होते, तसाच हा प्रकार आहे. धर्मा आणि फोबोस या नावांनी ओळखली जाणारी खंडणीची सॉफ्टवेअरे मुख्यत्वे याच वाटेने लहान व मध्यम व्यवसायांत शिरत आली आहेत, आणि फाइलच्या नावापुढे ई-मेल पत्ता लावणे ही त्यांची जुनी सवय आहे. सॉफ्टवेअर लिहिणारा एक असतो, ते भाड्याने घेऊन प्रत्यक्ष शिरणारा दुसरा असतो, आणि खंडणीत दोघांचा वाटा ठरलेला असतो. पुष्कळदा उघड्या दारांच्या याद्या विकणारा तिसराही असतो. या साखळीत आपली संस्था मच्छीमारांची आहे की दंतवैद्याची, हे शेवटपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नसेल. मिरवणुकीचे फोटो बंद झाले ही त्याचीच खूण मानावी. यंत्राला हिशेब आणि फोटो यांत फरक करण्याचे कारण नसते.

पैशासाठीच येणारा, पण लक्ष्य निवडून येणारा चोर अगदी वेगळा वागतो. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या जाळ्यात शिरलेल्यांनी सुमारे वर्षभर आत राहून तेथील कामाची रीत समजून घेतली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुवारची रात्र निवडली. शुक्रवारी ढाक्यात सुट्टी, पुढे बँकेचे खाते जेथे होते त्या न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार आणि सोमवारी पैसे जेथे पोहोचायचे होते त्या मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी, असा तो हिशेब होता. एकूण ९५ कोटी डॉलरच्या वर रक्कम वळवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातील ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोहोचले. आपल्याकडे पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये असेच घडले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उत्तरे देऊ लागली आणि २८ देशांतील यंत्रांतून काही तासांत पैसे काढले गेले. एकूण नुकसान ९४ कोटी रुपयांच्या आसपास होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या दोन्ही चोऱ्यांचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे, म्हणजे येथे चोर आणि राज्यसंस्था यांच्यातील सीमारेषाही पुसट होते.

सूडाने शिरणाऱ्याची गोष्ट आपल्याला अधिक उपयोगी पडेल. ऑस्ट्रेलियातील मरूची परगण्यात २००० साली सांडपाण्याचे पंप वारंवार बिघडू लागले आणि सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी नाल्यांत, बागांत व एका हॉटेलच्या आवारात सोडले गेले. रेडिओने चालणारी ती नियंत्रण यंत्रणा ज्या कंपनीने बसवली होती, तिचाच विटेक बोडेन हा माजी कर्मचारी यामागे होता. परगणा प्रशासनाने त्याला नोकरी नाकारली होती. तो सापडला तेव्हा त्याच्या गाडीत लॅपटॉप आणि रेडिओचे साहित्य होते व पुढे त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. येथे लक्षात घेण्यासारखे हे, की सूड घेणाऱ्याला दुखरी जागा ठाऊक असते आणि तो नेमका तेथेच हात घालतो. राऊटर बसवणाऱ्या त्या मुलाला संस्थेला धडा शिकवायचा असता, तर त्याने परताव्याच्या तक्त्यातील चार आकडे गुपचूप बदलले असते आणि आपण पुढचे वर्षभर लेखापरीक्षकाला तोंड देत बसला असतात.

हेराविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याकडे येण्याचे कारण नाही. त्याला आपले येणे कळू द्यायचेच नसते. १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल यांना संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक सापडला. त्या फरकाचा माग काढत ते पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचले. तेथील मंडळी लष्करी माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होती. (ताळेबंद जुळवताना पैशापैशासाठी अडून बसणाऱ्या आमच्या जुन्या हेडक्लार्कना ही हकीकत फार आवडे.) हेर पडद्यावर चिठ्ठी ठेवून जात नाही, एवढे आपल्यापुरते पुरे.

उरणकर

वरील विवेचन मोलाचे आहे, परंतु पडद्यावरील चिठ्ठीवरून हेतू ठरवण्याला एक मोठी मर्यादा आहे आणि ती आम्ही न्हावा-शेव्यात पाहिली आहे. मी कंटेनरच्या क्लिअरिंगच्या व्यवसायात आहे. २७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाची जगभरातील संगणकजाळी बंद पडली, आणि त्यांच्याकडे असलेले न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातील जीटीआय हे कंटेनर टर्मिनल त्यातून सुटले नाही. कंटेनर कोणत्या रांगेत, कितव्या थरात आहे हे ज्या प्रणालीला ठाऊक तीच बंद, म्हणून हाताने नोंदी करून काम रेटण्याची वेळ आली आणि ट्रेलर बंदराबाहेर उभे राहिले. पडद्यावर ३०० डॉलरची बिटकॉइनमधील मागणी होती. त्या दिवशी आम्ही सगळे ती खंडणीच समजत होतो.

प्रत्यक्षात नॉटपेट्या नावाच्या त्या प्रोग्राममध्ये फाइली परत देण्याची सोयच नव्हती. पडद्यावर दिसणारा ओळख-क्रमांक निव्वळ यादृच्छिक होता, त्यामुळे पैसे भरूनही फाइली उघडणारी किल्ली मिळणे शक्य नव्हते. तो पसरला युक्रेनमधील एमईडॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि त्याचा रोख युक्रेनवर होता. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर विभागाच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले व २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. त्यांच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची व परवानग्यांची मूळ नोंद केवळ घानातील एका कार्यालयात शाबूत राहिली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. वीज जाण्याचा कोणाला फायदा झाल्याचे मी तरी एवढे एकच उदाहरण ऐकले आहे.

तात्पर्य, मागणी खंडणीची आणि हेतू नासधुशीचा असेही असू शकते. शिवाय आतल्या माणसाने पासवर्ड बाहेर दिला आणि पुढचे काम टोळीने केले, हाही प्रकार अज्ञात नाही. म्हणून त्या मुलाला तर्काने दोषी ठरवू नये, हे जितके खरे, तितकेच त्याला तर्काने निर्दोष ठरवणेही घाईचे होईल. संगणकात लॉगइनच्या नोंदी शिल्लक असतील तर आधी त्या पाहाव्यात.

देवरुखचा_मास्तर

मी संगणकशास्त्र शिकवतो, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या मुलाचे नाव कसे चटकन पुढे येते हे मला चांगले माहीत आहे. कोणाच्या मोबाइलवर नको ते ॲप आले तरी चौकशी आमच्या वर्गापासून सुरू होते.

तरुण मुले शिरत नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. केवळ कुतूहलापोटी केलेल्या गोष्टीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रॉबर्ट मॉरिस यांचे आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या या विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी स्वतःहून पसरणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. एकाच संगणकावर त्याच्या पुन्हा पुन्हा प्रती तयार होत गेल्या आणि सुमारे ६,००० संगणक अडकल्याचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. चोरी काहीच झाली नव्हती, तरी न्यायालयाने दोषी ठरवले. तुरुंगवास टळला, परंतु तीन वर्षांची परिवीक्षा (प्रोबेशन), ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे हेच गृहस्थ अमेरिकेतील एमआयटीत प्राध्यापक झाले.

२०१६ च्या मिराई प्रकरणात कुतूहल कुठे संपले आणि धंदा कुठे सुरू झाला, हे सांगणे मला अधिक कठीण वाटते. तीन तरुणांनी घरोघरच्या कॅमेऱ्यांचे आणि राऊटरांचे कंपनीने दिलेले, कधीच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो उपकरणे ताब्यात घेतली. माइनक्राफ्ट खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना पाडणे आणि त्यांनाच संरक्षण विकणे, हा त्यांचा व्यवहार होता. त्यांच्यापैकी एकाने तर स्वतःच्या विद्यापीठाचे जाळे वारंवार बंद पाडले. अशा मुलांच्या कामात आपल्या वर्तुळात नाव व्हावे ही इच्छा जवळजवळ नेहमी असते आणि ती लपत नाही. ती कुठेतरी टोपणनावाने बढाई मारतात आणि बहुधा तेथेच सापडतात. आपल्या पडद्यावरील मजकुरात तसे काही दिसत नाही.

कायद्याचाही विचार करावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरणे किंवा डेटाचे नुकसान करणे याबद्दल भरपाईची तरतूद आहे, आणि तेथे हेतू विचारलेला नाही. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ लागते व तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवण्याच्या हेतूसाठी ६६ एफ आहे व त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. म्हणजे भरपाईपुरता हेतू गौण असला, तरी कैदेचा प्रश्न आला की तोच मुख्य ठरतो. अशा स्थितीत राऊटर संस्थेच्या सांगण्यावरून बसवणाऱ्या मुलाचे नाव पुराव्याविना लिहिणे हे त्याच्या नोकरीच्या आणि पासपोर्टच्या वाटेत दगड ठेवण्यासारखे होईल. मंडळातील ज्येष्ठांना हे स्पष्ट सांगावे.

दर्याकाठी (ता. दापोली)

सर्वांचे आभार. उरणकरांच्या सूचनेनुसार आम्ही दापोलीहून एका जाणकारास बोलावून लॉगइनच्या नोंदी काढून घेतल्या. घटनेच्या आधीच्या कित्येक रात्री बाहेरच्या पत्त्यांवरून फसलेल्या प्रयत्नांची रांगच्या रांग दिसते. 'ॲडमिन', 'ॲडमिनिस्ट्रेटर', 'टेस्ट', 'युजर', 'बॅकअप' अशी नावे एकामागून एक, काही ठिकाणी एका मिनिटात कितीतरी वेळा टाकलेली आहेत. शेवटी पहाटेच्या सुमारास त्यांतील एक प्रयत्न लागू पडला, आणि त्याच पहाटेपासून फाइलींची नावे बदललेली आहेत. आमच्या संगणकाचा पासवर्ड संस्थेच्या नावाला वर्षाचा आकडा जोडून केलेला होता व तो कार्यालयाच्या भिंतीवर टाचलेल्या कागदावर होता, म्हणजे त्या मुलालाच काय, डिझेलची पावती न्यायला येणाऱ्या प्रत्येक खलाशालाही माहीत असेल. अध्यक्ष अजून कुरकुर करीत आहेत, परंतु नाव घालण्याचा आग्रह मागे पडला आहे. तक्रारीत नेमके काय लिहावे?

निवृत्त_ईडीपी (रत्नागिरी)

पासवर्ड भिंतीवर वाचता येत असताना रात्रीमागून रात्री अंदाज करीत बसण्याचे कारण गावातल्या माणसाला नाही. पासवर्ड आतून बाहेर विकला गेला असता, तरी एवढी झटापट दिसली नसती. या नोंदी पेन ड्राइव्हवर घेऊन तक्रारीला जोडाव्यात, आणि तक्रार 'अज्ञात व्यक्तीविरुद्ध' असावी. तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असतो, म्हणून जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात अर्ज देणे सोयीचे पडेल. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेला अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी, असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. मुदत उलटली असली तरी कळवून ठेवावे.

विक्रेता संगणक फॉरमॅट करून देतो म्हणेल. तसे करू देऊ नये. जुनी हार्ड डिस्क काढून जशीच्या तशी ठेवावी आणि नवी बसवून काम सुरू करावे, कारण काही खंडणी-सॉफ्टवेअरांच्या किल्ल्या कालांतराने उपलब्ध होतात आणि युरोपोल ही युरोपीय पोलीस संस्था व डच पोलीस यांनी २०१६ मध्ये इतरांसह सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर त्या विनामूल्य मिळतात. राऊटरवरील ३३८९ चे पोर्ट आजच बंद करावे, आणि ते त्या मुलाकडूनच, मोबदला आधी देऊन करून घ्यावे. परताव्याच्या प्रस्तावांच्या प्रती मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात दाखल असतील. त्या हंगाम सुरू होण्यापूर्वी मागवल्या, तर कोट्याचे तक्ते पुन्हा लिहून काढता येतील.