कमोडच्या टाकीतून पाणी सतत झिरपते. पूर्ण टाकी न बदलता घरीच दुरुस्ती करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार,

आम्ही नाशिकला इंदिरानगर भागातील एका जुन्या इमारतीत राहतो. आमच्या कमोडच्या फ्लशच्या टाकीतून भांड्यात पाण्याची बारीक धार अखंड उतरत असते आणि कोणी फ्लश केलेला नसतानाही टाकी अधूनमधून आपोआप भरू लागते. प्लंबरने पाहून पूर्ण टाकी बदलावी लागेल असे सांगितले. मात्र टाकीला कोठेही तडा नाही, दोन्ही बटणे शाबूत आहेत आणि फरशी कोरडी आहे. त्यामुळे दोष आतल्या एखाद्या लहान भागात असावा असे वाटते आणि तेवढ्यासाठी धडधाकट टाकी फेकून देणे मनाला पटत नाही. शिवाय उन्हाळ्यात गंगापूर धरणाचे नळाचे पाणी आमच्या इमारतीला पुरेनासे झाले की त्यात बोअरवेलचे पाणी मिसळतात आणि तेही आटले की टँकर येतो, तेव्हा विकतचे पाणी डोळ्यांदेखत गटारात जाताना पाहवत नाही.

आतापर्यंत केलेली तपासणी लिहितो. टाकीतल्या पाण्यात खाण्याचा लाल रंग टाकून अर्धा तास फ्लश वापरला नाही, तेव्हा भांड्यातले पाणी गुलाबी झाले. त्यानंतर टाकीला पाणी देणारा भिंतीलगतचा नळ (अँगल कॉक) बंद करून टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने खूण केली. तासाभरात पातळी ४ सेंटिमीटर उतरली. टाकी आतून सुमारे ३५ सेंटिमीटर लांब व १४ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे तासाला जवळजवळ २ लिटर आणि याच वेगाने दिवसाला ४८ लिटर पाणी वाया जाते. एवढ्या पाण्यात एका माणसाची दोन वेळची अंघोळ होईल.

बटण दाबल्यावर भांड्यात पाणी सोडणारा मधला भाग, म्हणजे फ्लश व्हॉल्व्ह, फिरवून बाहेर काढला, तेव्हा त्याच्या तळाच्या रबरी वॉशरवर पांढऱ्या क्षाराचे कडे जमलेले दिसले. ते बोटाने खरवडल्यावर खाली वॉशरच्या कडेने बारीक खाच पडलेली आढळली. वॉशर धुऊन परत बसवल्यावर गळती कमी झाली, पण थांबली नाही.

माझे प्रश्न असे आहेत. नुसता वॉशर बदलून काम भागेल का, आणि टाकीवर कंपनीचे नाव पुसट झालेले असताना योग्य मापाचा वॉशर कसा ओळखावा? क्षार काढण्यासाठी संडास साफ करण्याचे ॲसिड टाकीत ओतावे असे शेजारच्या काकांनी सुचवले आहे. ते योग्य ठरेल का? टाकी बदलावीच लागेल हे नेमके कशावरून समजावे?

प्रतिसाद

नमस्कार. आपण तपासणी योग्य क्रमाने केली आहे, त्यामुळे निदान सोपे झाले आहे. टाकी भरल्यावर येणारे पाणी थांबवणारा बॉलकॉक नीट बंद होत नसता, तर पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून तेथून भांड्यात सांडले असते, आणि अँगल कॉक बंद केल्यावर पातळी त्या तोंडाशी येऊन स्थिर झाली असती. आपल्याकडे ती उतरतच राहिली, याचा अर्थ पाणी तळाशी, म्हणजे वॉशर आणि तो ज्यावर टेकतो ती तळाची बैठक यांच्यामधून जात आहे. वॉशरवरची खाच हेच सांगते. टाकी बदलण्याचे कारण मला यात दिसत नाही.

जुना वॉशर सोबत घेऊनच दुकानात जावे आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी ही तिन्ही मापे जुळवून घ्यावीत; केवळ बाहेरचे माप पाहून आणलेला वॉशर पुष्कळदा सैल बसतो. वॉशर दोन्ही बाजूंनी सपाट असेल, तर तो मिळेपर्यंत उलटा करून बसवावा. खाच वरच्या बाजूला गेल्याने काही काळ गळती थांबू शकते, पण हा तात्पुरता उपाय आहे.

ॲसिड टाकीत मुळीच ओतू नये. त्याने रबर कडक होते आणि टाकीचे धातूचे बोल्ट गंजतात. भांड्यात पूर्वी ब्लीचिंगचे द्रावण टाकलेले असेल, तर ॲसिडशी त्याचा संयोग होऊन विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. बंद न्हाणीघरात ते जिवावर बेतू शकते. बोअरवेलच्या जड पाण्याचे हे क्षार बहुतांशी कॅल्शियमचे असतात आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात विरघळतात. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करावी, त्या आंबट पाण्यात भिजवलेले फडके तळाच्या बैठकीवर अर्धा तास ठेवावे आणि नंतर मऊ कापडाने पुसून घ्यावे. तारेची घासणी वापरू नये, कारण प्लॅस्टिकवर पडलेल्या ओरखड्यांतून नवा वॉशर असूनही पाणी झिरपत राहते. बैठकीवरून बोट फिरवल्यावर खड्डा किंवा चीर जाणवली, तर फ्लश व्हॉल्व्ह बदलावा. टाकीला तडा असेल किंवा तिच्या मापाचा व्हॉल्व्हच मिळत नसेल, तरच नवी टाकी घ्यावी.

आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. झाकणातील बटणांखालच्या दांड्या लांब राहिल्या, तर झाकण बसवताच त्या व्हॉल्व्हला किंचित दाबून ठेवतात आणि वॉशर पूर्ण टेकत नाही. झाकण काढल्यावर गळती थांबत असेल, तर दांडीचा स्क्रू फिरवून तिची लांबी कमी करावी.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. झाकण काढून पाहिले, तरी गळती तशीच आहे, म्हणजे दांड्यांचा दोष नाही. वॉशर उलटा बसवल्यावर मात्र धार थांबली आहे. बैठक गुळगुळीत असल्यामुळे व्हॉल्व्ह बदलण्याची गरज दिसत नाही. आता नवा वॉशर हवा आहे. सिडको किंवा पाथर्डी फाटा परिसरात टाकीचे सुटे भाग एकेक नग विकणारे हार्डवेअरचे दुकान कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे; आमच्या जवळच्या दुकानात पूर्ण संचच घ्यावा लागतो.